पहारा ऐच्छिक

सोमवार, ४ मार्च

आज येताना ही दोनशे पानी वही घेऊन आले. डायरी लिहायची हौस मला कधीच नव्हती. ही मी पुरावा म्हणून लिहिते आहे. उद्या काही विपरीत घडलं आणि सगळे एकमेकांकडे बोटं दाखवू लागले, तर पहारा कुणी उठवला ते या वहीत सापडेल. म्हणून जे घडेल ते तारीखवार आणि परक्यालाही कळेल असं लिहायचं.

तर परक्या माणसा, ऐक. आमची कंपनी रक्तपेढ्यांना प्रोग्रॅम पुरवते. रक्तदात्याचं नाव घालायचं, रक्तगट घालायचा, की पिशवीवर चिकटवायचं लेबल छापून येतं. प्रत्येक रक्तपेढीचं यंत्र वेगळं, कुणाचं नवंकोरं, कुणाचं पेन्शनीत निघालेलं. म्हणून आम्ही तयार प्रोग्रॅम न देता मूळ कोड देतो आणि तिथली माणसं तो आपापल्या यंत्रावर कंपायलरमधून, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम करून देणाऱ्या साधनातून, काढून घेतात. कंपायलरला सोबत काही सूचना देता येतात, त्यांना फ्लॅग म्हणतात. त्यातले पाच फ्लॅग मी अकरा वर्षांपूर्वी सक्तीचे केले. त्यांचं काम पहाऱ्याचं. प्रोग्रॅमने नेमून दिलेल्या जागेबाहेर लिहायला हात घातला, की हे पाच जण त्याला जागच्या जागी बंद पाडतात. मग तो हात बाहेरच्या चोराचा असो की आतल्या वेंधळ्याचा. हे पाच सोडून आमचा प्रोग्रॅम तयारच करता येत नाही, अशी सोय मी करून ठेवली होती.

आज नव्या साहेबाने ते पाचही ऐच्छिक करायचं जाहीर केलं. साहेब म्हणजे इस्त्री. त्याच्या शर्टाला दिवस मावळेपर्यंत सुरकुती पडत नाही, म्हणून हे नाव मी ठेवलं आणि आता अख्खा मजला वापरतो. चार महिन्यांपूर्वी तो बाहेरून आला आणि माझ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसला. निदान ती माझ्यासाठी ठेवली आहे असं मी धरून चालले होते. पुराव्यात लपवाछपवी नको, म्हणून हेही लिहून टाकते.

मी विचारलं, "का?"

"एका रक्तपेढी केंद्रात अडचण आहे. तपशील मी ताईंशी वेगळा बोलेन."

"वेगळा कशाला? बोला की सगळ्यांसमोर."

तेव्हा तो म्हणाला, "ताई, पहारा चांगलाच आहे. पण प्रत्येक वेळी हट्ट बरा नाही."

हट्ट! चौदा माणसांसमोर! अकरा वर्षं एकाही रक्तपेढीत चोर शिरू दिला नाही, तो माझा हट्ट. मागून कुणीतरी हसलं. बहुतेक चष्मा असावा. चष्मा म्हणजे आमचा कोड तपासनीस, ज्याचं कधी कुणाशी एक नाही की दोन नाही. तोही हसायला लागला म्हणजे माझी पत संपलीच म्हणायची.

या इस्त्रीला मी तोंडघशी पाडणार. वाट बघायची माझी तयारी आहे.

बुधवार, ६ मार्च

इस्त्रीने केबिनमध्ये बोलावलं. डोकं दुखतंय असं सांगितलं, गेले नाही.

दुपारी त्याचा मेल आला. दोनच ओळी. "सुरक्षेचे फ्लॅग ऐच्छिक करावेत. तसेच लेबल छापण्याचा जुना भाग ताईंनी स्वतः सावकाश वाचावा." पहिली ओळ छापून वहीत चिकटवली. दुसरीने अंगाची लाही लाही झाली. लेबलचा भाग अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिला आहे. माझाच कोड मला वाचायला लावायचा, म्हणजे शाळेत मस्ती केली की पाढे लिहायला लावायचे त्यातलाच प्रकार. फाइल उघडलीसुद्धा नाही.

शुक्रवार, ८ मार्च

संध्याकाळी धाकटी चहाला खाली आली. माझी धाकटी बहीण, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. रक्त घेते, तपासते, लेबल लावते.

"ताई, तुझा प्रोग्रॅम फार रुसतो गं."

"कधी रुसतो?"

"त्याची लहर! आज सकाळी कारखान्यातले पन्नास जण येऊन गेले, काही नाही. दुपारी ती डोंगरापलीकडची मंडळी आली आणि तीनदा बंद पडला. आधीच त्यांची नावं केवढी! बापाचं, आजोबांचं, गावाचं, सगळं लावतात. जानेवारीपासून रोमन सोडून आपल्या लिपीत नावं घालायची, त्यामुळे माझी बोटं आधीच वाकडी होतात, आणि नेमकी तेव्हाच हा बसकण मारतो. पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटं. रांगेतली माणसं उठून जातात. रक्त द्यायला आलेला माणूस एकदा उठून गेला ना ताई, की तो परत येत नाही."

मी म्हटलं, यंत्र जुनं असेल, आणि तसंही हा इस्त्री आल्यापासून आमच्याकडे सगळाच बट्ट्याबोळ आहे. तिला पटलं. लहानपणापासून तिला माझं सगळंच पटत आलं आहे.

मंगळवार, १२ मार्च

आज इस्त्री स्वतः माझ्या टेबलापाशी आला. खुर्ची ओढून बसला. मी पडद्यावरची नजर काढली नाही.

"ताई, ऐच्छिक म्हणजे न सांगता पहारा चालूच राहायला हवा. ज्याला बंद करायचा असेल त्याने मुद्दाम सांगून बंद करायचा. आणि बंद केला की पडद्यावर मोठ्या अक्षरांत सूचना: पहारा बंद आहे, लेबल डोळ्यांनी तपासा. जमेल ना?"

"मेलमध्ये एवढं नव्हतं."

"आता सांगतोय ना. बरं, तो जुना भाग वाचलात का?"

"वाचतेय."

"सावकाश वाचा. मला ते तुमच्याच हातून व्हायला हवंय."

काय व्हायला हवंय? राजीनामा, आणखी काय! मला कंटाळवाण्या कामात कोंडायचं, म्हणजे मीच आपण होऊन उठून जाईन. बोलण्यात कसा मुरलेला आहे बघा, एकदाही आवाज चढत नाही.

लेखी असेल तेवढंच करायचं, असं मी ठरवलं आहे. अक्षराने जास्त नाही आणि कमी नाही.

बुधवार, १३ मार्च

केलं. चाळीस मिनिटांचं काम होतं.

मेलमध्ये "ऐच्छिक" लिहिलं आहे. कुणी काहीच सांगितलं नाही तर पहारा चालू की बंद, हे लिहिलेलं नाही. मी बंद ठेवला. ज्याला हवा त्याने मागून घ्यावा. पडद्यावरच्या सूचनेचाही मेलमध्ये उल्लेख नाही, म्हणून सूचनाही नाही. उद्या चोर शिरला, की इस्त्रीचा मेल काढून सगळ्यांसमोर ठेवायचा आणि विचारायचं, हट्ट कुणाचा होता?

शेवटचं बटण दाबताना हात जरा थबकला. खोटं कशाला बोलू? पण "हट्ट" आठवला आणि दाबलं.

आमच्याकडे कुठलाही बदल दोन सह्यांशिवाय पुढे जात नाही. दुसरी सही चष्म्याची असते आणि तो ओळ न् ओळ वाचतो. पण त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, दोन दिवस रजेवर आहे. म्हणून थेट इस्त्रीकडे पाठवलं. आणि काय सांगू! त्याने उघडूनही पाहिलं नाही. सही केली आणि जाता जाता म्हणाला, "तुमचं काम मी काय वाचणार, ताई?"

माझ्या हातून त्याच्याच सहीने त्याचाच पहारा उठला. घरी येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं.

शनिवार, १६ मार्च

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो झाडांना पाणी घालत होता. म्हणाला, "तुझा राग फ्रीजमध्ये ठेवला तर फ्रीज तापेल." मग पुढच्या कुंडीकडे वळत म्हणाला, "पण चोर शिरला तर तो रक्तपेढीत शिरेल ना? इस्त्रीच्या घरी थोडाच?"

बागकाम करणाऱ्या माणसाने कंपायलरमध्ये नाक खुपसू नये.

मंगळवार, १९ मार्च

नवा कोड काल सगळ्या केंद्रांना गेला. धाकटी आज नाचतच आली. "ताई, आता मुळीच बंद पडत नाही! डोंगरापलीकडचे बावीस जण आले, बावीसही झाले. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहिणीला सांग, जीव वाचवलास."

 कुणाचं कौतुक कुणाला!

जाता जाता जिन्यातून म्हणाली, "एक बारीकसं आहे गं. मधूनच एखाद्या लेबलवर रक्तगटाची चौकट कोरी येते. आम्ही भरतो हाताने. लाल पेनने लिहायचं आणि खाली सही ठोकायची, आमची जुनी पद्धतच आहे."

"प्रिंटरची शाई बघून घ्या," मी म्हटलं.

शुक्रवार, २२ मार्च

अजून काही नाही. रोज सकाळी आल्याबरोबर तक्रारींची यादी उघडते. वाईट काही घडावं म्हणून मी वाट बघते आहे, हे अक्षरांत लिहिलेलं फार वाईट दिसतं. इस्त्रीने आजही बोलावलं होतं. दात दुखतो म्हणाले.

बुधवार, २७ मार्च

घडलं. पण मला हवं होतं तिथे नाही.

चारच्या सुमाराला दार वाजलं. मी आज घरीच होते. दारात धाकटी. गणवेशाचा कोट अंगावर तसाच, चपला दोन वेगळ्या. आत येऊन भिंतीला टेकून खालीच बसली.

"ताई, मी पिशवीवर ओ लिहिलं. रक्त बीचं होतं."

ओ म्हणजे जवळजवळ कुणालाही चालणारं रक्त. ती पिशवी काल इस्पितळात गेली. एका बाळंतिणीसाठी. तिथल्या माणसाने रक्त चढवण्याआधी नियमाप्रमाणे जुळवून बघितलं, ते जुळलं नाही, म्हणून ती बाई आज जिवंत आहे. लेबलवरची चौकट कोरी आली होती. धाकटीने पडद्यावरची यादी बघून लाल पेनने गट लिहिला, पण बघताना वरची ओळ वाचली. मागे तीस माणसांची रांग होती.

"अक्षर माझं आहे. सही माझी आहे. सोमवारी चौकशी आहे, तोवर घरी बसायला सांगितलंय. सोळा वर्षांत एक पिशवी चुकली नव्हती गं माझी."

ती रडत नव्हती. नुसती उजव्या हाताची बोटं चोळत होती. आणि मी तिच्या शेजारी बसले होते आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: सापडला. इस्त्री सापडला.

मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, "चौकट कोरी आली म्हणून तुला लिहावं लागलं. ती कोरी का आली, ते मी शोधून काढते. ज्याच्यामुळे आली त्याला मी सोडणार नाही."

गुरुवार, २८ मार्च

आज लेबलचा जुना भाग उघडला.

नाव एका पेटीत उतरवून घेतलं जातं. पेटीला चौसष्ट घरं. तिला लागून पुढची पेटी रक्तगटाची. रोमन लिपीच्या एका अक्षराला एक घर लागतं. आपल्या लिपीत अक्षराला तीन घरं, काना-मात्रा-वेलांटीला आणखी तीन तीन. लांब नाव आलं की पेटी भरते आणि नावाचं शेपूट शेजारच्या पेटीत शिरतं, रक्तगटावर. प्रिंटरला ते अर्धंमुर्धं अक्षर ओळखू येत नाही, तो चौकट कोरी सोडतो. पहारा असताना शेपूट बाहेर पडताक्षणी प्रोग्रॅम बंद पडत होता. धाकटीचा प्रोग्रॅम रुसत नव्हता. माझे पाच फ्लॅग आपलं काम करत होते आणि नावाची लांबी मोजायला कोडमध्ये कुणी एक ओळही घातली नव्हती.

आमच्याकडे प्रत्येक ओळीचा इतिहास राहतो, कुणी लिहिली आणि कधी. मी तो मोठ्या उत्साहाने काढला. इस्त्रीच्या नावाची इतकी खात्री होती की वही उघडून पेन हातात धरलं होतं.

माझं नाव आलं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

मग आठवलं. मी माझं पूर्ण नाव रोमनमध्ये घालून पाहिलं होतं, एकतीस घरं लागली. त्याच्या दुपटीला दोन घरं जोडून पेटी केली आणि म्हटलं, आता कुणाचंही बसेल. स्वतःच्या मापाने मी सगळ्या जगाची पेटी कापली.

खाली चष्म्याचा अहवाल होता, २६ फेब्रुवारीचा, धाकटीच्याच केंद्राबद्दलचा. त्यात हे सगळं होतं, पेटी, घरं, शेपूट. त्याखाली इस्त्रीचा शेरा: "लेबलच्या भागात बदलाला तपासणी खात्याची मंजुरी लागते, तीन आठवडे. तोवर फक्त या केंद्रापुरता पहारा बंद, सूचनेसह. अहवालात लेखिकेचं नाव नको. दुरुस्ती त्यांच्याच हातून व्हावी. मी त्यांच्याशी बोलतो."

चष्मा शेजारी कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. म्हणाला, "ताई, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी हसलो नव्हतो. खोकला आला होता."



शुक्रवार, २९ मार्च

चार आठवड्यांत पहिल्यांदा आपल्या पायांनी केबिनमध्ये गेले. त्याला धाकटीचं कळलं होतं. ती माझी बहीण आहे हेही कळलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सोमवारी मी जाणार आहे. पहारा मी बंद करायला सांगितला. सही माझी आहे आणि मी न वाचता केली. चौकट त्यामुळे कोरी आली, हे लिहून देतो. तुमच्या बहिणीवरचा ठपका उतरेल. पेटी कुणी लिहिली हा विषय निघणार नाही."

म्हणजे जे हवं होतं ते त्याने माझ्यासमोर ताटात वाढून ठेवलं होतं. त्याची खुर्ची जाणार, तीही त्याच्याच तोंडाने. धाकटी सुटणार. आणि मी नुसतं गप्प बसायचं. खरं सांगते, मी बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनदा फिरेपर्यंत बसले. एवढा वेळ माझ्या मनात काय चाललं होतं ते या वहीतही लिहवत नाही.

मग तो म्हणाला, "बरं झालं एकाच केंद्रात बंद आहे. बाकी अकरांचा पहारा चालू आहे."

"नाही," मी म्हटलं. "मी मूळचाच बंद ठेवलाय. बारांचाही बंद आहे. आणि सूचना घातलेलीच नाही."

तो ओरडेल असं वाटलं, मला ते हवंही होतं. त्याने फोन उचलला आणि पहिल्या केंद्राचा नंबर लावला. दुसरा फोन माझ्याकडे सरकवला. बारा केंद्रांतलं लेबल छापणं थांबवेपर्यंत दीड तास गेला. तीन ठिकाणी कोऱ्या चौकटी आल्या होत्या, तिघांनीही हाताने भरल्या होत्या. त्या सगळ्या पिशव्या बाजूला काढून पुन्हा तपासायला लावल्या. दुपारपर्यंत चष्म्याने आणि मी पहारा परत सक्तीचा करून पाठवला. यावेळी चष्म्याने माझी प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

निघताना मी त्याला म्हटलं, "पहारा बंद करणं चुकलंच तुमचं. दोन दिवसांपुरतं असतं तरी चुकलंच असतं."

"हो," तो म्हणाला. "ते तुम्ही केबिनमध्ये येऊन सांगाल म्हणून तर बोलावत होतो."

त्याचा शर्ट पाठीवर चुरगळला होता. चार आठवड्यांपूर्वी मला त्याचा केवढा आनंद झाला असता.

शनिवार, ३० मार्च

वर गेले. धाकटी खिडकीत बसून एकाच टॉवेलची घडी मोडत होती आणि घालत होती. सगळं सांगितलं. पेटी, पहारा, मेल, सही, सूचना. 

संपल्यावर म्हणाली, "पडद्यावर ती सूचना असती, तर मी वरची ओळ वाचली नसती."

"नसती."

"म्हणजे तुला ठाऊक होतं, आणि तू मला प्रिंटरची शाई बघायला सांगितलंस."

"चौकटीचं ठाऊक नव्हतं गं."

"पहारा नाही हे ठाऊक होतं."

 ती उठली, टॉवेल कपाटात ठेवला आणि दार उघडून उभी राहिली. लहानपणापासून तिने मला कधी असं जा म्हटलं नव्हतं. आजही तोंडाने म्हटलं नाही.

रविवार, ३१ मार्च

उद्या चौकशीला इस्त्री जाणार, धाकटी जाणार, आणि मीही जाणार. त्याचा मेल, त्याची सही, चष्म्याचा अहवाल, सगळं फाइलला लावलं आहे. पण कोड कुणी आणि कसा बदलला एवढंच त्यातून कळेल. का बदलला, ते फक्त या वहीत आहे. म्हणून वही देणार आहे.

नवरा म्हणाला, निदान नको ती पानं फाड. एकसुद्धा फाडलं नाही. १३ तारखेचं पान फाडायला हात गेला होता, तो मागे घेतला.

मग पहिलं पान उघडून बघितलं. "पहारा कुणी उठवला ते या वहीत सापडेल." ती ओळ खोडली नाही.